नल तपासता, पण विचारता काय?

कोड रिव्ह्यूत सर्वात जास्त चकमकी कशावरून झडतात? अल्गोरिदमवरून नाही, डेटाबेसच्या रचनेवरूनही नाही. एखादी व्हॅल्यू नल आहे की नाही, म्हणजे ती जागा रिकामी आहे का, हे तपासणारी ओळ कशी लिहायची, यावरून. एकाला ‘== नल’ असं सरळ लिहिलेलं हवं असतं. दुसरा ‘इज नल’वर अडून बसतो. तिसऱ्याच्या मते एवढी अक्षरं हवीत कशाला, नुसतं उद्गारचिन्ह लावलं की भागतं. चौथा नल डाव्या बाजूला लिहितो आणि का म्हणून विचारलं, तर पहिल्या नोकरीत सीनियरने तसं शिकवलं एवढंच त्याला सांगता येतं. पाचव्याला हे चौघेही मागासलेले वाटतात, कारण त्याच्याकडे ऑप्शनल आहे, म्हणजे ‘व्हॅल्यू असेल किंवा नसेल’ हे उघड सांगणारा टाइप. दावा मात्र सगळ्यांचा एकच, की माझीच पद्धत वाचायला सोपी. सोपी म्हणजे काय याची फोड कोणी करत नाही. खोदून विचारलं तर हाती एवढंच लागतं, की माझ्या डोळ्यांना हिची सवय आहे.

हा वाद भलत्याच जागी चालला आहे असं माझं मत आहे. नल-तपासणी वाचनीय आहे की नाही, हे त्या एका ओळीच्या ठेवणीवरून ठरत नाही. वाचणाऱ्याला तिच्यातून दोन गोष्टी कळायला हव्यात: इथे व्हॅल्यू नसण्याचा अर्थ काय, आणि ती नसेल तर पुढे काय करायचं असं लिहिणाऱ्याने ठरवलं आहे. ही उत्तरं मिळत असतील तर ‘==’ की ‘इज’ हा निर्णय लिंटरवर, म्हणजे कोडची शैली तपासणाऱ्या साधनावर, सोपवून मोकळं व्हावं. मिळत नसतील तर कितीही देखणी ओळ लिहिली तरी वाचणारा अंधारातच राहतो.

शैलीचं महत्त्व मी नाकारत नाही. एकाच फाइलमध्ये तीन प्रकारच्या तपासण्या दिसल्या की वाचणारा थबकतो. हा फरक मुद्दाम केलाय का? इथे ‘===’ का आणि तिथे ‘==’ का? उत्तर बहुधा ‘दोन वेगळ्या माणसांनी लिहिलं म्हणून’ एवढंच असतं, पण ते शोधण्यात वेळ जातो. म्हणून टीमने एक पद्धत ठरवून ती पाळावी, हे मान्य. शिवाय आज हास्यास्पद वाटणाऱ्या काही पद्धतींच्या मागे खरी ठेच लागलेली असते, हेही मान्य. नल डावीकडे लिहिण्याची रीत घ्या, जिला ‘स्टार वॉर्स’मधल्या उलटसुलट बोलणाऱ्या योडावरून गमतीने योडा कंडिशन म्हणतात. सी भाषेत एक बरोबरचिन्ह म्हणजे व्हॅल्यू ठेवणं आणि दोन म्हणजे तुलना करणं. ‘इफ (पी == नल)’ लिहिताना एक चिन्ह निसटलं, तर कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ते निमूट स्वीकारतो, चांगला भरलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारी जागा, स्वतःच नल होतो आणि अट खोटी ठरून प्रोग्रॅम पुढे चालू पडतो. नल डावीकडे असेल तर तीच चूक कंपाइलच होत नाही, कारण स्थिर मूल्यात काही ठेवता येत नाही. साधी, बिनखर्चाची युक्ती.

आणि धोका काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सोर्सच्या एका मिरर प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता तिथे वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, म्हणजे तो रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) आहे का, याची तपासणी होती. प्रत्यक्षात चिन्ह एकच होतं, त्यामुळे विशिष्ट पद्धतीने तो कॉल करणारा कोणीही रूट झाला असता. मूळ भांडाराशी ती प्रत जुळेना म्हणून हे उघडकीला आलं. योडा-पंथीयांना हे उदाहरण आवडतं, पण त्यातली गोम ते सांगत नाहीत. घुसवणाऱ्याने त्या भागाभोवती जादा कंस घातले होते, म्हणजे कंपायलरची सूचनाही गप्प बसावी. ज्याने एवढा विचार केला तो शून्य डावीकडे लिहून स्वतःला पकडून देणार होता का? शैलीचा नियम प्रामाणिक माणसाच्या हातचुकीपासून वाचवतो, आणि त्या हातचुकीसाठी आज दुसरी सोय आहे. सीचा जीसीसी हा कंपायलर, सूचना चालू ठेवल्या तर, तशा ओळीवर ताकीद देतो. जावात इफच्या अटीला बूलियनच (खरं किंवा खोटं) लागतो, त्यामुळे ऑब्जेक्टमध्ये चुकून नल ठेवणारी अट मुळात कंपाइलच होत नाही. तरी जावाच्या कोडमध्येही नल डावीकडे लिहिलेला दिसतो. कारण संपलं, कर्मकांड उरलं.

आता आखूड लिहिण्याच्या बाजूने जे सांगितलं जातं ते पाहू, कारण तिथे विरोधकांची बाजू भक्कम आहे. कर्नलच्या कोडमध्ये ‘!पी’ असंच लिहायची प्रथा आहे. पॅच, म्हणजे पाठवलेले बदल, तपासणारी त्यांची स्क्रिप्ट कडक मोडमध्ये चालवली तर ‘नलशी केलेली तुलना उद्गारचिन्हाने लिहिता येईल’ असं सुचवते. जगभरचे अनुभवी लोक दिवसरात्र ते वाचतात आणि कुणाचं अडत नाही. मग लांब लिहिण्याचा हट्ट कशाला? माझ्या मते कर्नलवाले बरोबर आहेत, पण ‘आखूड ते वाचनीय’ म्हणून नव्हे. सीमधला पॉइंटर एकतर कुठेतरी रोखलेला असतो किंवा नल असतो. त्यामुळे उद्गारचिन्ह तिथे नेमका तोच प्रश्न विचारतं जो विचारायचा आहे. तीच ओळ पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये नेली की प्रश्न बदलतो. तिथे नुसतं ‘इफ सवलत’ लिहिलं, तर सवलत नाहीच का, शून्य आहे का, रिकामी स्ट्रिंग आहे का, हे सगळं एकाच खिडकीतून विचारलं जातं.

हे फक्त तात्त्विक नाही. सवलत दिली नसेल तर १० टक्के धरा, एवढ्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षं ‘सवलत || १०’ असं लिहिलं गेलं. वापरणाऱ्याने जाणूनबुजून शून्य टक्के सवलत भरली, की त्याचे १० होतात. ओळ आखूड आहे, ओळखीची आहे, रिव्ह्यूत कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, आणि चूक आहे. २०२० च्या भाषा-आवृत्तीत ‘??’ हा, व्हॅल्यू नसेल तरच पर्याय घेणारा, वेगळा ऑपरेटर घ्यावा लागला तो नेमका यासाठी. पायथॉनची कथा तर याहून विचित्र. तिथे नलच्या जागी नन असतो. ३.५ ही आवृत्ती येण्याआधी वेळेचा ऑब्जेक्ट जर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीचा असेल तर तो अटीत खोटा ठरायचा. म्हणजे ‘इफ सुरुवातीची_वेळ’ ही तपासणी दिवसभर बिनबोभाट चालायची आणि बरोबर बाराच्या ठोक्याला ‘वेळ दिलीच नाही’ असं म्हणायची. टेस्ट लिहिताना मध्यरात्र कोणाच्या डोक्यात येते? अखेर भाषेचं ते वर्तन बदललं. पण पीईपी ८ ही तिथली नियमावली आधीपासूनच सांगत आली आहे, की ननशी तुलना ‘इज’ने करा, आणि ‘नन नाही’ असं म्हणायचं असताना नुसतं ‘इफ एक्स’ लिहू नका.

यावरून ‘मग कडक तुलनाच सगळीकडे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनीही थोडं थांबावं. जावास्क्रिप्टमध्ये ‘नेहमी ===’ (टाइपसुद्धा जुळवून पाहणारी कडक तुलना) हा नियम नव्या मुलांना पाढ्यासारखा घोकायला लावतात. पण तिथे गैरहजेरीची दोन रूपं आहेत, नल आणि अनडिफाइन्ड, आणि बहुतेक वेळा आपल्याला दोन्हींबद्दल एकदम विचारायचं असतं. तो प्रश्न नेमका विचारणारी आखूड ओळ म्हणजे ‘== नल’, तीच बदनाम सैल तुलना. (डॉक्युमेंट-डॉट-ऑल नावाचा एक पुराणवस्तू ऑब्जेक्टही या तुलनेत नलच्या बरोबरीने बसतो, पण त्याच्या वाटेला आता कोण जातं?) ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरच्या त्या नियमात नलपुरती सूट द्यायची सोय आहे ती उगाच नाही. सी-शार्पमध्ये उलटी गंमत. ‘इज नल’ चांगलं, कारण ‘==’चा अर्थ कोणीही क्लास लिहिणारा बदलू शकतो, हा युक्तिवाद खरा आहे. पण युनिटी या गेम इंजिनाने तो अर्थ मुद्दाम बदलला आहे. खेळातली वस्तू नष्ट झाली तरी तिचं सी-शार्पमधलं कवच मागे उरतं, आणि ‘==’ने विचारलं की ते ‘मी नल’ असं सांगतं. ‘इज नल’ किंवा ‘?.’ (नल नसेल तरच पुढे वाचणारा ऑपरेटर) वापरलं की हा बदललेला अर्थ ओलांडला जातो आणि मेलेली वस्तू जिवंत समजून कोड पुढे सरकतो. तेव्हा कुठली शैली वाचनीय, याचं उत्तर भाषेबाहेर उभं राहून देताच येत नाही. जो प्रश्न विचारायचा आहे तोच विचारणारी, एवढंच म्हणता येतं.

पण समजा प्रश्न अचूक विचारला. तो विचारला कुठे, याचं काय? २००९ साली लिनक्सच्या टीयूएन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये सापडलेलं भोक मला या सगळ्या वादावरचं सर्वात बोलकं भाष्य वाटतं. फंक्शनच्या पहिल्याच ओळींत एका पॉइंटरमधून सॉकेटचा पत्ता वाचला होता. त्यानंतर खाली अगदी प्रथेप्रमाणे, उद्गारचिन्ह लावून, तोच पॉइंटर नल आहे का हे तपासलं होतं, आणि असेल तर एरर परत केली होती. स्वच्छ, आखूड, कुणीही पास करावी अशी तपासणी. कंपायलरने मात्र वेगळा हिशेब केला. पॉइंटर वर वापरून झाला आहे. नल पॉइंटर वापरणं भाषेच्या नियमात बसत नाही. त्याअर्थी तो नल असूच शकत नाही. म्हणून खालची तपासणी निरर्थक. आणि त्याने ती काढून टाकली. सोर्समध्ये दिसणारी ओळ चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, आणि त्या फटीतून कर्नलचा ताबा घेता येतो हे कोड चालवून दाखवलं गेलं. यानंतर अशा तपासण्या काढू नकोस असं कंपायलरला बजावणारा पर्याय कर्नलच्या बिल्डमध्ये आला. चूक माणसाची होती, दोन ओळींच्या क्रमाची. ‘!पी’ऐवजी ‘पी == नल’ लिहिलं असतं तर केसाचाही फरक पडला नसता.

इथे एक जुना वाद आठवतो. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी गोटूविरुद्ध, म्हणजे प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेविरुद्ध, पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की कागदावरचा प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम यांच्यातलं अंतर कमी हवं. वाचून चालण्याचा अंदाज आला पाहिजे. पुढे लोकांनी मुद्दा सोडला आणि शब्द धरला. गोटू दिसला की कोड वाईट, नाही दिसला की चांगला. १९७४ मध्ये दुसरे संगणकशास्त्रज्ञ नुथ यांना मोठा निबंध लिहून दाखवावं लागलं, की काही ठिकाणी गोटू असलेला कोडच जास्त सरळ वाचला जातो, आणि गोटू हटवण्यासाठी उभे केलेले फ्लॅगच (खुणेपुरते ठेवलेले व्हेरिएबल) काही वेळा जास्त गोंधळ घालतात. नल-तपासणीच्या वादात आपण आज त्याच मधल्या टप्प्यावर आहोत: चिन्हं मोजतो आहोत. (त्या पत्राला गाजलेलं शीर्षक दिलं ते संपादक विर्थ यांनी; आणि ज्या अल्गॉल डब्ल्यू भाषेतून नल जगात आला तिच्यातही नल आणणाऱ्या टोनी होअर यांच्या जोडीला तेच होते. योगायोग, पण छान आहे.)

समोरच्यांचा आणखी एक मुद्दा गंभीर आहे: तपासणी स्वस्त असते, क्रॅश महाग असतो, मग शंका असो-नसो, सगळीकडे तपासलेलं काय वाईट? दुधाने पोळलेल्यांचा हा युक्तिवाद आहे आणि पोळणं खरं आहे. १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउडच्या सेवा जगभर कोलमडल्या. परवानग्या आणि कोटा तपासणाऱ्या घटकाकडे रिकामी फील्ड असलेली एक पॉलिसी गेली, ती काही सेकंदांत सगळ्या प्रदेशांत पोचली, कोडने नल पॉइंटर वापरला आणि तो घटक पुन्हा पुन्हा उठून पुन्हा पुन्हा पडत राहिला. एक इफ असता तर? लगेच म्हणायचा मोह होतो. पण त्या इफच्या आत काय लिहिणार होतात? पॉलिसीच नाही, तर आलेली विनंती जाऊ द्यायची की अडवायची? अडवली तर क्रॅश न होताही सेवा बंदच. जाऊ दिली तर कोटा आणि परवानग्या काही काळ वाऱ्यावर. हा निर्णय आहे, आणि तो कुठल्याही सिंटॅक्समध्ये आपोआप सापडत नाही. गूगलने नंतर मांडलेल्या उपायांत तो घटक बिघडला तर विनंत्या जाऊ देईल अशी रचना करणं आणि असे बदल फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करता येणाऱ्या बटणामागे, ठेवणं होतं. म्हणजे गैरहजेरीत काय करायचं हे त्यांनी नंतर ठरवलं.

अंदाधुंद तपासण्यांचं खरं नुकसान मला इथेच दिसतं. ‘इफ (ग्राहक != नल) पावती पाठव’, आणि खाली एल्स नाही. अशी ओळ प्रत्येक मोठ्या कोडबेसमध्ये शेकड्याने सापडते. लिहिणाऱ्याने क्रॅश टाळला आणि तो समाधानाने घरी गेला. पावती गेली नाही हे मात्र कोणालाच कळलं नाही: ना लॉगमध्ये नोंद, ना एरर. बिघाड तिथल्या तिथे दिसला असता तो आता लांब कुठेतरी, महिनाअखेरीच्या हिशेबात उगवतो. वाचणाऱ्याची पंचाईत आणखी वेगळी. ती तपासणी पाहून त्याला वाटतं, इथे ग्राहक नसू शकतो, कोणाला तरी तसं आढळलं असणार. म्हणून पुढच्या फंक्शनमध्ये तोही तपासतो, त्याचं पाहून तिसरा तपासतो. शंका अशी कोडभर पसरते, आणि मुळात ती व्हॅल्यू कधी नल येऊ शकते का हे सांगू शकेल असा माणूस टीममध्ये उरत नाही. जिथे नल येऊच शकत नाही तिथली तपासणी ही वाचणाऱ्याला दिलेली खोटी माहिती आहे. तिथे काही लिहायचंच असेल तर जावाच्या रिक्वायर-नॉन-नलसारखं काहीतरी लिहावं: आली नल तर ताबडतोब, नाव घेऊन फुटेल.

आता पाचवा, ऑप्शनलवाला. त्याची बाजू सर्वात बळकट आहे आणि तिला मी सर्वात जास्त मानतो. १९६५ साली नल रेफरन्स आणणाऱ्या टोनी होअर यांनीच २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत तिला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. करायला फारच सोपी होती म्हणून मोह आवरला नाही, असंही सांगितलं. तेव्हापासून स्विफ्ट, कोटलिन, टाइपस्क्रिप्ट, सी-शार्प ८, डार्ट अशा एकामागून एक भाषांनी ‘नसू शकते’ आणि ‘असतेच’ हा भेद टाइपमध्येच आणला. हे शैलीपेक्षा कितीतरी वरचं काम आहे. व्हॅल्यू नसू शकते का, हे वाचणाऱ्याला टाइप सांगतो, अंदाज बांधावा लागत नाही. माझ्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. पण अर्धंच. नसू शकते हे कळलं; नसते म्हणजे काय, आणि मग काय, हे टाइप सांगत नाही. म्हणून कोटलिनमध्ये ‘हे नल नाहीच’ म्हणत दोन उद्गारचिन्हं ठोकून पुढे जाणारे निघतात आणि जावात ऑप्शनल घेऊन पुढच्याच ओळीत न बघता गेट करणारे निघतात. टाइपस्क्रिप्टचे टाइप तर प्रोग्रॅम चालताना उरतच नाहीत. सर्व्हरने जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या फॉरमॅटमध्ये) फील्ड पाठवलं नाही, तर ‘असतेच’ म्हणणारा टाइप जागच्या जागी खोटा पडतो. सीमेवर, जिथे बाहेरचा डेटा आत येतो तिथे, हाताने तपासावंच लागतं. तिथे एकदा नीट तपासलं तर आतल्या पन्नास तपासण्या वाचतात.

या नव्या सोयींपैकी ‘?.’ची साखळी मला सर्वात फसवी वाटते. ‘ऑर्डर?.ग्राहक?.पत्ता?.शहर’ किती सुटसुटीत दिसतं! पण हाती नल आला तर नक्की काय नव्हतं? ऑर्डरच मिळाली नाही, ऑर्डरला ग्राहक जोडलेला नाही, की ग्राहकाने पत्ता भरला नाही? पहिली बहुधा प्रोग्रॅममधली चूक आहे, दुसरी डेटामधली, तिसरी रोजची साधी बाब. तिन्हींना एकाच गाठोड्यात बांधून साखळी पुढे देते. गंमत अशी, की जावाने आवृत्ती १४ मध्ये नलच्या एक्सेप्शनमध्ये (फुटताना येणाऱ्या एररमध्ये) साखळीतली कुठली कडी नल होती हे सांगण्याची सोय केली. फुटलेला प्रोग्रॅम जे सांगतो ते न फुटणारी ओळ लपवते. पत्ता खरोखर ऐच्छिक असेल तर त्याच्यापुढे ‘?.’ जरूर असावं. ऑर्डर आणि ग्राहकाला ते लावणं म्हणजे तेही ऐच्छिक आहेत असं वाचणाऱ्याला सांगणं.

आधी तपासून परत फिरावं की इफच्या पोटात सगळा कोड घालावा, यावर मी जास्त बोलत नाही. आधी परत फिरावं.

बाकी राहतं ते कोडच्या बाहेरचं. कर्मचाऱ्यांच्या टेबलमध्ये नोकरी सोडल्याची तारीख असा कॉलम असतो, आणि तो नल असेल तर माणूस कामावर आहे असं धरलेलं असतं. ‘इफ (सोडल्याची_तारीख == नल)’ तर पगार काढ. ओळीत खोट काढायला जागा नाही. पण माणूस गेला आणि तारीख भरायची राहिली, तर? जुन्या सिस्टिममधून डेटा आणताना तारखेचा फॉरमॅट जुळला नाही म्हणून इम्पोर्टने तिथे नल टाकला, तर? रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणाऱ्या कॉड यांनाही हे छळत होतं. माहिती आहे पण हाती नाही, आणि इथे ती लागूच होत नाही, अशा दोन गैरहजेऱ्यांना वेगळ्या खुणा द्याव्यात असं त्यांनी १९९० च्या सुमारास मांडलं. एसक्यूएलने एकच नल ठेवला, आणि त्याच्याशी ‘=’ने केलेली तुलना कधी खरी होतच नाही, म्हणून ‘इज नल’ लिहिणं तिथे आवडीचा भाग नाही. त्या टेबलला कामावर, सोडली, माहिती अपुरी अशा स्थितीचा वेगळा कॉलम नॉट नल बंधनासकट दिला, तर पगाराच्या कोडमधली ती तपासणी निघूनच जाते. माहिती अपुरी असलेल्यांचा पगार काढायचा की थांबवायचा हे मग प्रोग्रॅमरने आपल्या मनाने, एका इफमध्ये, कोणाला न विचारता ठरवायचं कारण राहत नाही; ते मनुष्यबळ विभाग ठरवतो.